खाच

ऑक्टोबरात शाळेकडून चिठ्ठी आली. तीनदा वाचली.
सव्वीस अक्षरं हवीत, मेपलची,
मुलांच्या तळव्यात मावतील एवढी,
कडा घासून, रंग नको.
खाली सही: मिस थेरियो.

लुनेनबर्गच्या धक्क्यावर पूर्वी शिडं शिवायचे,
त्या माळ्यावर यांची शाळा.
अकरा मुलं.
प्रत्येक मूल आधीच्या कुठल्यातरी शाळेतून
'लक्ष देत नाही' हा शेरा घेऊन आलेलं.

मला शेऱ्यांचं काही सांगू नका.
चौथीत माझ्या वहीवर लाल शाई इतकी सांडायची
की आईला वाटे, पोराचा घोळणा फुटला.
मग मी रंधा धरला, तो विषय तिथंच मिटला.

सुताराची अक्कल लाकूड वाचवण्यात.
बी, डी, पी, क्यू:
एक काठी, एक पोट.
मी एकाच साच्यातून चार तुकडे कापले
आणि पोत्यात भरून नेऊन दिले.

ओडेट कोमो, वय नऊ, बाप लॉबस्टरच्या होडीवर.
चारी तुकडे टेबलावर मांडून म्हणाली,
"मिस्टर झिंक, तुम्ही फसवलंत.
हे चारही एकच आहे."

मिस थेरियो हसली नाही. चूक म्हणाली नाही.
"खरंय तुझं," म्हणाली. "हा कप पालथा घाल. काय झालं?"
"कपच."
"हातोडा डावीकडे वळवला?"
"हातोडाच."
"मांजर पाठ फिरवून बसली?"
सगळा वर्ग ओरडला, "मांजरच!"
"बघा. वस्तू इमानी असतात.
ही चार कार्टी मात्र तोंड फिरवलं की नाव बदलतात.
यांच्यावर नजर ठेवायची.
आणि नजर दमली की बोटं आहेतच."

त्या रात्री मी ते चार तुकडे परत आणले.
चेहरा गुळगुळीत केला, पाठ खरबरीत ठेवली,
तळाशी पटाशीनं एक खाच,
गव्हाच्या दाण्याएवढी.

हिवाळाभर मी त्यांच्या दाराची बिजागरी दुरुस्त करत होतो.
(बिजागरी एवढी बिघडली नव्हती.)
ओडेट वाचायची म्हणजे
खोल पाण्यातून सापळा ओढायची, हात-हात दोर,
एकेक आवाज टेबलावर टिचकी मारून.
एका वाक्याला कधी कधी अर्धा तास.
घड्याळाकडे कुणी बघत नसे,
ते बाईंनी भिंतीकडे तोंड करून टांगलं होतं.

सगळं सुटलं, असं मी म्हणणार नाही.
जेरोम अजून चिडला की टेबलाखाली जातो.
ओडेटला गुरुवारी भेटलेला शब्द
शुक्रवारी ओळख दाखवत नाही.
सोमवारी पुन्हा श्रीगणेशा,
तीच अक्षरं, तीच बोटं, बाईंचा आवाज तेवढाच थंड.

एप्रिलात ती माझ्या दुकानी आली,
सशासाठी भुसा मागायला.
उंबऱ्यातच थांबली, मान वर.
बोट हवेत चालतंय, ओठ हलतायत.
मी रंधा थांबवला.
मधे बोलायचं नाही, एवढं मीही शिकलो होतो.

बऱ्याच वेळानं म्हणाली,
"मिस्टर झिंक, तुमच्या पाटीवर
'सुतारकाम'मधलं एक अक्षर राहिलंय."

अकरा वर्षं.
टपालवाला, बँकेचा माणूस, पाद्री, गिऱ्हाईकं,
घाईघाईनं वाचणारे सगळे खालून गेले,
कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मी शिडी लावली.
कुठलं अक्षर, कुठं, ते तिनं खालून दाखवलं.
भुशाची पिशवी काखेत मारून निघाली,
आणि कोपऱ्यावरून वळून ओरडली,
"खाच करायला विसरू नका!"