नोंदवही, सोहार

सव्वाबारा. मीटर आकाशाकडे तोंड करून धरायचा,
आपली सावली त्यावर पडू द्यायची नाही,
आकडा थांबेपर्यंत श्वासही हळू.
अतिनील : बारा.
रकाना लाल करतो. साडेबाराच्या शिट्टीला
परांचीवरची माणसं उतरतील.

ऊन भाजतं ते कळतं. हे कळत नाही.
धुळीचा पडदा असला तरी येतं,
फिकट वाळूवरून उसळून टोपीखाली शिरतं.
दिलावर परकार म्हणतो, "टोपी हाय ना, साहेब."
त्याच्या उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूने,
मांसाचा पापुद्रा बुबुळाकडे निघालाय
खाडीत भरती चढते तसा,
घाई न करता.

दवाखान्याच्या कागदावर प्रश्न आहे :
किती वर्षं उन्हात?
माझ्या वहीत फक्त हा उन्हाळा.
आणि मीटर तर बंद केला
की शून्यावर येतो.

घाम पुसायला दिलावर घड्याळाचा पट्टा सोडतो.
खाली बोटभर उजळ कातडी,
अकरा वर्षांपूर्वी दाभोळहून निघाली
तशीच्या तशी.
"ही घ्या लिहून," म्हणतो.

कुठल्या रकान्यात,
ते मी अजून बघतोय.