पहिली बावीस

पाषाणच्या प्रयोगशाळेत रात्री दोन वाजता
तीस अंशांवर डुलतंय यीस्ट.
खोलीभर आंबलेल्या पिठाचा वास,
कुणाच्या तरी उद्याच्या न्याहारीचा.
मी भिंगाला डोळा लावून.

पेशी म्हणजे एक टिंब,
आणि त्या टिंबाला फुटलेलं टिंब.
आत मायटोकॉन्ड्रियाचे धागे हिरवे उजळतात:
प्रथिन पोचलं.
शेजारच्या काचेवर नुसतं हिरवं धुकं.
तिथे दोनच अक्षरं बदललीत मी,
दोन आर्जिनीन, दोन धनभार कमी,
आणि प्रथिन हिंडतंय पेशीभर,
अंगानं धडधाकट,
पत्ता तेवढा हरवलेला.

कुरिअरवाल्याचं संध्याकाळी असंच झालं.
कोरड्या बर्फातला खोका घेऊन
तासभर सूस रस्त्याला फिरत होता.
"मॅडम, पाटी दिसंना."
अहो, पाटी नाहीच.
ती रसवंती होती ना, बंद पडलेली,
तिच्यासमोरून आत या.
तोवर बर्फ उडून गेला होता.

दार फार अरुंद असतं.
सगळ्या घड्या मोडून,
सुईत ओवायच्या दोऱ्यासारखं
सरळ व्हावं लागतं आत जाताना.
आणि आत पाऊल पडतं न पडतं तोच कात्री:
ज्यांनी वाट दाखवली
ती पहिली बावीस अक्षरंच कापली जातात.
मग घडी बसते. मग काम.

शिरपूरहून आले त्या वर्षी
होस्टेलच्या मुली हसायच्या मी तोंड उघडलं की.
दिवाळीपर्यंत पाण्यातला ण
जागेवर आला होता.

चिटणीस मॅडमनी मुलाखतीत विचारलं होतं,
कापलेल्या तुकड्यांचं पुढे काय होतं?
मी म्हटलं, काही नाही. कचरा.
"तेही पचवावे लागतात," त्या म्हणाल्या,
"साचले, तर कात्रीच अडते."
चार वर्षं झाली,
मी तुकडे मोजतेय.

फोन थरथरतो. काकाकडे हळद आहे,
आई जागीच.
"काय करी राहिनी माय?"
एक डोळा भिंगावर ठेवून
मी बोलत राहते बराच वेळ,
एकही ण न लागता.

पलीकडच्या टेबलावरचा शंतनू
कानातलं काढून बघतो.
"काही नाही," मी त्याला सांगते,
"आवरतेच आहे."

धुकं अजून तसंच.
ती दोन अक्षरं
उद्या परत लावून बघायचीत.