मानवी वापरासाठी नाही

धुळ्यात त्या दिवशी पंचेचाळीस होतं.
कुरिअरवाल्यानं खोकं ओट्यावर ठेवलं,
म्हणाला, लवकर घ्या ताई, हात भाजतो.
गारठ्यानंही हात भाजतो
हे त्याला झोडग्याच्या आसपास कळलं असावं,
निघालेलं झाकण दाबून बसवताना.

आत कोरड्या बर्फाचा धूर,
धुरात करंगळीच्या पेराएवढ्या कुप्या,
कुप्यांत ट्युब्युलिन. माणसाचं.
म्हणजे कुठल्याच माणसाचं नाही.
मजकूर माणसाचा, हस्ताक्षर अळीचं:
मक्याच्या पोंग्यात शिरून
सकाळी ओला भुसा मागे ठेवणाऱ्या
त्याच अळीच्या पेशींनी
दूर कुठल्याशा काचेत
आपलं सूत्र वाचलं
आणि एक अक्षर न चुकता घडवून दिलं.

लेबलवर होतं:
केवळ संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नाही.
ताराचंद बोरसेंनी चष्मा वर सारून दोनदा वाचलं.
हाई काय शे व माय?
माणूसनं शे, नि माणूसले चालत नही?

मी हसले. उत्तर मात्र सुचलं नाही.

गिरणी बंद पडायच्या आधी बोरसे कताई खात्यात होते,
मग आमच्या प्रयोगशाळेत, काचा धुवायला.
त्यांना सांगितलं,
एका पेशीच्या दोन होताना
आत याचंच सूत ताणलं जातं,
गुणसूत्रं दोन टोकांना ओढली जातात,
पुस्तकात त्याला तर्कू म्हणतात.
चातीच की, ते म्हणाले,
आणि पुढचं न ऐकता नळ्या मांडू लागले.

हे सूत बर्फात उसवतं, उबेत विणलं जातं.
सदतीस अंश हवेत.
इतर ठिकाणी नळी तापवत असतील,
आम्हाला तिला खोलीपासून वाचवावं लागतं.

पहिल्या नळीत नुसतं ट्युब्युलिन:
आलेख लळिंगच्या चढासारखा.
दुसरीत कळलावीच्या कंदाचा अर्क:
रेघ आडवी, मे महिन्यातली पांझरा.
कंद तोरणमाळच्या उतारावरच्या
रुमालीबाई पावरांनी दिला होता, बजावून:
पोटात घ्यायचा नाही.
अडलेल्या बाईच्या पायाला बांधायचा
आणि मूल आलं की त्याच क्षणी सोडायचा.
त्याच क्षणी, त्या पुन्हा म्हणाल्या,
आणि माझ्याकडे नाही,
माझ्या पायांकडे बघितलं.

तिसरी नळी. अर्क निम्मा.
बाराव्या मिनिटाला लाइट गेली.

पंखा थांबला, यंत्राचा हिरवा आकडा विझला,
इन्व्हर्टर फक्त फ्रीजरला.
मी नळी काढली आणि तशीच उभी राहिले,
कुठे ठेवू? बर्फात ठेवली तर उसवेल,
ओट्यावर ठेवली तर शिजेल.
बोरसेंनी हात पुढे केला.
नळी मुठीत घेतली,
वरून दुसरी मूठ.

खोली त्रेचाळीस. मूठ सदतीस, थोडी इकडेतिकडे.

असे उभे राहिलो, किती वेळ ते घड्याळ सांगेल,
तेही मी पाहिलं नाही.
कॉरिडॉरमध्ये कुणीतरी जनरेटरला शिव्या घालत होतं.
मग त्यांनी नळी खिडकीशी धरली:
किंचित गढूळ, पहाटेच्या काचेसारखी.
अर्काला न जुमानता
थोडं विणलं गेलं होतं, किंवा मला तसं दिसलं.

कितला धागा व्हयना? बोरसेंनी विचारलं.

नोंदवहीत लिहिलं:
नळी क्र. ३. बारा मिनिटं. वीज गेली. रद्द.
मुठीसाठी तिथे रकाना नव्हता.