दोन सूत

ओव्हन कुरियनांचा.
कोट्टयमला कायमचे जाताना
त्यांनी तो स्वस्तात आमच्या गळ्यात घातला,
वर एक केकचा साचा फुकट.
चार वर्षं मुकाट पेटला नेरुळच्या तिसऱ्या मजल्यावर.
दिवाळीनंतर मात्र लहरीवर गेला.

पूर्ण बंद पडलेलं यंत्र परवडलं,
त्याचं निदान एक मत असतं.
हा आज हो म्हणतो, उद्या बघू म्हणतो,
आणि प्रमिलाकडे सव्वाशे नानकटायांची ऑर्डर,
सेक्टर वीसमधलं हळदीकुंकू, शुक्रवारी.

मी तुर्भ्याला एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर.
भट्टीच्या पोटात काय चाललंय
ते बाहेर उभं राहून सांगायचं, हे माझं काम.
माझ्या घरी मेकॅनिक बोलावणं
म्हणजे सुतारानं पाट उसना आणणं.

वही काढली.

सोमवार. तीनदा ठिणगी, चौथ्यांदा ज्योत. बटण सोडलं, गेली.
मंगळवार. पहिल्याच फटक्यात. राहिली. कारण समजत नाही.
बुधवार. खाडीकडची खिडकी लावली, पंखा बंद,
श्वाससुद्धा जरा तोंड फिरवून घेतला.
गेली.

पाइपच्या गॅसवर संशय घेतला.
तो निर्दोष, वरचे चारही बर्नर निळे, ताठ.
ठिणगीच्या टोकावरची काजळी काढली जुन्या टूथब्रशनं.
तो जुना नव्हता, असं नंतर कळलं.

प्रत्येक वेळी ज्योत गेली की
दार उघडं टाकून पाच मिनिटं थांबायचं,
साचलेला गॅस जाऊ द्यायचा.
यात घाई चालत नाही.
पाच मिनिटं फार मोठी असतात
ओट्याशी उभ्या दोन माणसांना.
पहिल्या दिवशी आम्ही घड्याळाकडे पाहिलं.
दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं,
कारखाना बंद झाला त्या दिवशी डबा परत का आणलास, भरलेला?
अकरा वर्षांनी विचारलं.
मी सांगायला लागलो,
तेवढ्यात पाच मिनिटं झाली.

तिच्या हातून पेटतो तो. दहातून आठदा.
किती वेळ बटण दाबून धरतेस?
मोजत नाही, म्हणाली. धरते.
तू लवकर सोडतोस.

हे तर मला ठाऊक असायला हवं होतं.
आत पेन्सिलच्या शिसाएवढी एक कांडी असते, थर्मोकपल.
ती तापली तरच झडप उघडी राहते,
नाहीतर बोट काढलं की सगळं बंद.
बॉयलरवरचा इस्माईल मुल्ला नव्या पोरांना सांगायचा,
तुला ज्योत दिसली रे,
पण कांडीला कळली का?

गुरुवारी रात्री फरशीवर गाल टेकून झोपलो,
तोंडात टॉर्च.
ती बटण धरून उभी, माझ्या डोक्याशी तिच्या टाचा.
आणि दिसलं.
ज्योत कांडीच्या शेजारून जात होती,
दोन सूत लांबून,
अनोळखी माणसासारखी.

पट्टीच्या स्क्रूवर ताजा ओरखडा.
फिटरला आपल्या हाताची खूण ओळखायला वेळ लागत नाही.
दिवाळीच्या साफसफाईत कांडी मीच काढली होती,
पॉलिश पेपरनं चकचकीत केली होती,
आणि परत बसवली होती, अंदाजानं.
एकतीस वर्षं ज्यानं अंदाजाला शिव्या घातल्या, त्यानं.

पक्कड. दोन सूत आत.
पेटला. दहा मोजले, बोट काढलं.
राहिला.

वहीत लिहिलं: दोष सापडला. कारण, कंपन.

शुक्रवारी सव्वाशे नानकटाया गेल्या,
सहा तुटलेल्या उरल्या, त्या आम्हाला.
वही पिठानं माखलेली सापडली.
‘कंपन’च्या खाली तिच्या बारीक अक्षरात:
दिवाळीत साफ कोणी केला होता?
आणि त्याखाली, दुसऱ्या पेननं:
डब्याचं राहिलं सांगायचं.