खलफची फळी

मुहर्रकच्या धक्क्यामागे खलफ जुन्या होड्या मोडतो
आणि शुक्रवारी माझ्यासाठी एक फळी बाजूला ठेवतो.
साग. मलबारचा, तो म्हणतो,
म्हणजे तुझ्याच बाजूचा, तुझ्याआधी आलेला.

खिळ्यांची भोकं बुजवायची नाहीत.
कागदावर ती पांढरी उतरतात.

पहिले चार महिने मी चुकत होतो.
दिवसभर शटरिंग ठोकणारा हात,
रेघ हवी तिथे रेघच कोरायचा,
आणि शाई नेमकी तेवढी सोडून सगळीकडे बसायची.
रेघेला हात लावू नकोस, खलफ म्हणाला त्याच्या मोडक्या हिंदीत,
तिच्या शेजारचं लाकूड काढ.
मग माझ्याच भाषेला ते आधीपासून ठाऊक होतं असं वाटलं:
कोरलं ते कोरं.
उरलं ते उमटतं.

गावाचं नाव घेतलं कोरायला. आरोंदा.
उलटं, उजवीकडून डावीकडे,
शिरोरेषा लाकडाच्या शिरेबरोबर, आडवी गेली की तुटते.
खलफ वाकून बघत होता.
आता तू आमच्यासारखा लिहितोस, म्हणाला.
त्याचं नाव त्याच्या फळीवर
डावीकडून निघालं होतं, माझ्यासारखं.

शाई पत्र्यावर घोटायची.
रोलर फिरवताना चिरचिर आली,
मोहरी तडतडायच्या जरा आधी येते तशी,
की पुरे.
ऑगस्टात ती पाणी होते, बारीक खाचांत उतरते,
म्हणून पहाटे, फजरच्या अजानीनंतर लगेच.
ओलसर कागद, त्यावर पळीची पाठ, गोल गोल,
खोलीवरच्या आठ जणांना भात वाढायची तीच पळी.
मग एका कोपऱ्यातून उचलायचं,
श्वास धरून.

बाराच प्रती. खाली पेन्सिलीनं लिहायचं
कितवी, कितींपैकी.

सातव्या कागदाखाली लिहिलं ७/१२
आणि मी एकटाच हसत सुटलो.
वर आरोंदा, खाली सातबारा.
काय झालं? खलफ.
आमच्याकडे हा आकडा जमिनीचा, म्हटलं,
ती कुणाची ते त्यावर लिहिलेलं असतं.
तुझं नाव आहे?
इतर हक्कात, म्हटलं.

त्याला ते कळलं नाही.
तो आठवा कागद भिजवत होता.