चावडीच्या बाजारात, मोरी कापताना

साईल पाटावर बसत नाही, बर्फाच्या पेटीवर बसतो
आणि विचारतो, आत्या,
ती मोठी मोरी मेलीच नसती तर?

शाळेच्या पुस्तकात चित्र आहे तिचं.
चाळीस हात लांब, एकेक दात माझ्या पंजाएवढा.
हाडं सापडत नाहीत म्हणे, दातच मिळतात.
त्याला याचं नवल.
मोरीला हाडं नसतातच,
तळपणात हे पाळण्यातलं पोरही जाणतं.

माझ्या कोयत्याखाली आत्ता दीड हाताची आहे.
समोर मास्तर उभे:
अर्धा किलो, आंबट-तीख करायचंय, तुकडे बारीक.
थांब रे, मी म्हणते.
पण कोयता चालतो तसं डोकंही चालतं.

मेली नसती तर
आमची घरं समुद्राकडे पाठ करून बसली असती,
ओसऱ्या सगळ्या डोंगराकडे.
रापण गुडघाभर पाण्यात.
नदीच्या तोंडाशी एक माणूस रात्रभर ढोल घेऊन जागला असता,
गावाने त्याला पिढ्यान्‌पिढ्या भात घातला असता,
पुढे त्याचं आडनावच पडलं असतं ढोलकार,
आणि ढोलकारांच्या मुलींना मागणी चांगली असती.
देऊळ तर असतंच तिचं.
आम्हाला भीती वाटली की आधी नारळ फुटतो,
मग विचार सुचतो.

आणि लांबच्या मुलखातली ती गलबतं?
निघाली असती पाच,
किनाऱ्याला लागली असती एक फळी.
मग मिरची कुठली? काजू कुठला?
मास्तर, तुमच्या आंबट-तीखाला मिरीवर भागवावं लागलं असतं.
सकाळी पाववाल्याचा भोंपू नाही,
शेजारी टोपली मांडून बसणारी आंतोनेत नाही,
किंवा आहे, आनंदी नावाने,
आणि जागेवरून माझ्याशी अशीच भांडते आहे.

साईल हसतो. मास्तरही.
मला वाटतं, झालं, सुटले.

मग तो विचारतो,
होडीतून ती माणसाला नेऊ शकली असती? अख्ख्या माणसाला?

दुलबाबद्दल मी बाजारात बोलत नाही.
बंदी उठल्यावर तिसऱ्या दिवशी ट्रॉलर गेला कुटबणहून.
लाटसुद्धा नव्हती, तांडेल सांगत होता,
तेलासारखं पाणी.
दुलबा मागे दोर आवरायला गेला,
याने विडी पेटवली, वळून बघितलं,
दोर होता.
दोन दिवस बोटी फिरल्या. मग कागद आला.
त्यात एक रकाना होता, कारण,
आणि रकान्यात कारकुनाने ओढलेली एक आडवी रेघ.

त्या रेघेच्या जागी मला काहीतरी हवं होतं.
चाळीस हात लांब हवं होतं.
दात असलेलं,
जिच्या नावाने वाळूत उभं राहून
घसा फुटेस्तोवर शिव्या देता आल्या असत्या.
पाण्यावर राग धरून बघितला मी.
संध्याकाळी भात पाण्यातच शिजवावा लागतो.

नेलं असतं, मी म्हणते. अख्ख्या माणसाला.
साईल मान हलवतो,
जणू गणिताचं उत्तर मागच्या पानाशी जुळलं.

ये इकडे. हात आण.
डोक्याकडून शेपटीकडे फिरव.
मऊ, तो म्हणतो.
आता उलट.

हात झटकन मागे. तळव्यावर लाल ओरखडे,
पॉलिश पेपर घासल्यासारखे.
आंतोनेत ओरडते, पोराला काय करतेस गे!
मास्तर पिशवी पुढे करतात, सुट्टे नाहीत म्हणतात.

मी पैसे मोजते आहे तोवर
तो पुन्हा हात ठेवतो मोरीवर
आणि हळूहळू फिरवतो,
उलटाच.