यंदाचं झाड

माळ्यावरचा खोका खाली काढला
तर चमकीच्या माळांचा भुगा झालेला.
उंदरांनी काचेचे गोळे तेवढे सोडले होते,
ते दाविदच्या हातून जिन्यावर सुटले.
"आत्या, आता?"
आता काय.
शरणपूरच्या थंडीत दहापर्यंत बोटं वळत नाहीत.
ऊन अंगणात उतरू दिलं
आणि टोपली घेऊन मागे गेलो.

मागे बाग आहे असं म्हणवत नाही.
विहिरीकडेला सुरू, त्याची एक फांदी
ऑइलपेंटच्या डब्यात, विटांचे तुकडे ठासून.
कुंपणावर एक घोसाळं, मीच तोडायची विसरलेली,
वाळून खुळखुळा झालेलं.
साल काढली, आत नुसती जाळी.
"हा देवदूत," दाविद म्हणाला.
याच्याने मी भांडी घासणार होते.
बरं. देवदूत.

निलगिरीची बोंडं घेतली,
प्रत्येकाच्या डोक्यावर कोरल्यासारखी चांदणी.
फांदीवरच काळी पडलेली दोन सीताफळं.
शिरीषाच्या शेंगा, घंटा म्हणून.
गुंजा,
"तोंडात घालायच्या नाहीत" असं तीनदा बजावून.
बर्फासाठी रुईचा कापूस, तो निम्मा
माझ्याच केसांत बसला.
रसवंतीतला सोडला तर आमच्या घरात
कुणी बर्फ पाहिलेला नाही,
तरी तो दर नाताळला पडतो.

तारा द्राक्षाच्या काड्यांचा.
छाटणीनंतर दिंडोरीहून भाऊजींनी
चुलीसाठी मोळी पाठवलेली, तिच्यातल्या पाच निवडल्या.
केळीच्या सोपाने बांधता बांधता
पाचवं टोक मोडलं.
राहू दे म्हटलं,
मागी लोक चार टोकांवरही पोचले असते.

आणि सर्वांत खाली, जड म्हणून,
वाऱ्याने पडलेला सुगरणीचा खोपा.

रात्री गाणारी मंडळी आली.
पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.
"शलोमीबाई, सगळं कुंपणच घरात आणलंत की!"
करंज्या मात्र त्यांनी चार खाल्ल्या.

मंडळी गेली आणि वीजही गेली.
मेणबत्ती शोधत होते,
तेवढ्यात शिरीषाच्या शेंगा वाजल्या.
खिडक्या बंद. वारा कुठला?
दाविदने मोबाईलचा उजेड धरला.
खोप्याच्या नळीतून दोन मिशा,
मग एक नाक,
मग तोच. माळ्यावरचा.
एक चांदणी कुरतडत होता.

दाविदने चप्पल उचलली.
मी त्याचा हात धरला, का ते ठाऊक नाही.
गव्हाणीजवळ बैल होता म्हणतात, गाढव होतं,
मेंढरं तर होतीच.
उंदराचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.
पण जिथे पेंढा आहे, दाणा आहे,
आणि रात्रभर कुणी दिवा विझवत नाही,
तिथे तो असणारच ना,
कोपऱ्यात, सगळ्यांच्या आधीपासून.

दाविदने करंजीचा कोपरा मोडून खाली ठेवला.
मीही पिंजरा लावला नाही.

खोटं कशाला सांगू,
सव्वीस तारखेपर्यंतच.